जैव संशोधनाची अर्थव्यवस्था आणि मराठवाड्याचा शेतकरी

गुलमंडी ही छत्रपती संभाजीनगर शहरातील जुनी व गजबजलेली बाजारपेठ होय. लग्नसराई आली म्हणजे फुलंब्री, कन्नड, पैठण, गंगापूर या तालुक्यांतील शेतकरी कुटुंबे बस्ता बांधण्यासाठी येथे येतात. या बाजारात विक्रीस असलेल्या मालाकडे क्षणभर निराळ्या दृष्टीने पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. कापड कपाशीचे, डाळ तुरीची, साखर उसाची, तेल करडईचे किंवा सोयाबीनचे. या शहराचे नाव दूरवर नेणारे हिमरू वस्त्र म्हणजे सूत व रेशीम यांचा संगम. औषधांच्या दुकानातील कित्येक औषधेही सूक्ष्म जंतूंकडूनच तयार करून घेतलेली असतात. सजीव सृष्टीपासून माल निर्माण करावा व त्यावर संसार चालवावा, ही गोष्ट शेतकऱ्यास नवीन नाही. नवीन आहे ते इतकेच की, सजीवांच्या अंतर्रचनेचे ज्ञान प्रयोगशाळेत हाती आले आहे आणि त्या ज्ञानावर देशाची अर्थव्यवस्था वाढवावी, असे शासनाने ठरविले आहे. या धोरणाचा आपल्या शेताशी काय संबंध आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आरंभी एक प्रसंग सांगणे अगत्याचे वाटते. २०१८ सालच्या लग्नसराईत याच गुलमंडीत फुलंब्री तालुक्यातील एक परिचित वयस्क शेतकरी लेखकास भेटले. मुलीच्या लग्नाचा बस्ता बांधण्यासाठी ते सहकुटुंब आले होते. परंतु घरची मंडळी आत कापड पाहत असता ते मात्र हातात यादी धरून दुकानाच्या पायरीवर बसले होते. आदल्या हंगामात त्यांच्या चार एकर कपाशीची बोंडे गुलाबी बोंडअळीने आतून पोखरली होती. पहिली वेचणी बरी झाली. पुढे मात्र कवडीच हाती आली. ते म्हणाले, "साहेब, अळीला न जुमानणारे बियाणे म्हणून पिशवी घेतली आणि बोंडात अळीच निघाली. आता ही यादी निम्मी करतो."

लेखकाने त्यांना विचारले, "काका, पिशवीबरोबर बिगर बीटी बियाण्याची एक लहान पुडी येते, ती कडेने लावली होती काय?" ते म्हणाले, "ती पुडी फेकूनच देतात सगळे. ती कशासाठी असते, हे आम्हाला कोणी सांगितले?" या प्रश्नास लेखकापाशी उत्तर नव्हते. कारण ते सांगण्याचे काम विस्तार सेवेतील आम्हा मंडळींचे होते.

धोरणाचे स्वरूप

केंद्र शासनाने १९८६ साली जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. महाराष्ट्र शासनाने २००१ साली राज्याचे जैवतंत्रज्ञान धोरण जाहीर केले. या क्षेत्रातील नव्या उद्योगांना साहाय्य करण्यासाठी केंद्राने २०१२ साली बायरॅक ही संस्था उभारली. यापुढील पाऊल म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी 'बायो-ई३' या नावाचे धोरण मंजूर केले. नावातील तीन 'ई' अर्थव्यवस्था, पर्यावरण व रोजगार यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरे आहेत. या धोरणात सहा विषयांवर भर दिला आहे : जैव पदार्थांपासून रसायने, प्लॅस्टिकसारखे पदार्थ व विकरे तयार करणे; नव्या प्रकारची प्रथिने व पोषक अन्न; अचूक औषधोपचार; बदलत्या हवामानात टिकाव धरणारी शेती; हवेतील कर्बवायू पकडून त्याचा उपयोग करणे; आणि सागर व अवकाश यांविषयीचे संशोधन.

२०१४ साली भारताची जैव अर्थव्यवस्था सुमारे १० अब्ज डॉलरची होती, २०२४ पर्यंत ती १३० अब्जांच्या पुढे गेली आणि २०३० पर्यंत ती ३०० अब्ज डॉलरवर न्यावयाची आहे, असे केंद्र शासनाचे आकडे सांगतात. आकडे मोठे आहेत. तथापि शेतकऱ्याने त्यांकडे पाहताना एक साधी गोष्ट ध्यानात ठेवावी. या अर्थव्यवस्थेत तो दोन दारांनी प्रवेश करतो. एका दाराने तो ग्राहक म्हणून जातो व बियाणे, जिवाणू खते, जैविक कीडनाशके विकत घेतो. दुसऱ्या दाराने तो पुरवठादार म्हणून जातो; कारण कारखान्यातील मोठ्या टाक्यांत जे जंतू माल तयार करतात त्यांनाही खाद्य लागते, आणि ते खाद्य म्हणजे ऊस, मका, तांदूळ व पिकांचे अवशेष होय. दोन्ही दारांशी त्याचे हित सांभाळले गेले, तरच हे धोरण फलदायी झाले असे म्हणता येईल.

कपाशीचा धडा

जैव संशोधन शेतात उतरल्यावर काय होते, याचा सर्वांत मोठा अनुभव आपल्याच भागात आला आहे. जमिनीत आढळणाऱ्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचा शोध १९०१ साली जपानमध्ये रेशीमकिड्यांच्या रोगाचा तपास करताना लागला. पुढे जर्मनीतील थुरिंजिया प्रांतावरून त्यास हे नाव मिळाले. हा जिवाणू जे प्रथिन तयार करतो ते विशिष्ट अळ्यांच्या आतड्यास घातक ठरते. ते प्रथिन तयार करणारे जनुक कपाशीत घातले, की झाडच अळीचा प्रतिकार करू लागते. हीच बीटी कपाशी होय.

जालना येथे १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. त्यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. या कंपनीने अमेरिकेतील मोन्सँटो कंपनीचे जनुक वापरून तयार केलेल्या तीन संकरित वाणांना मार्च २००२ मध्ये देशात प्रथम मान्यता मिळाली. २००६ साली दोन जनुके असलेले बियाणे आले व पुढे कित्येक कंपन्यांनी आपापले वाण बाजारात आणले. थोड्याच वर्षांत देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कपाशी बीटीची झाली. २००१–०२ साली हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई देणारे देशाचे सरासरी उत्पादन २००७–०८ साली साडेपाचशे किलोंवर गेले. या वाढीत पाऊसमान, सिंचन व खते यांचाही वाटा होता. तरी हिरव्या बोंडअळीचा उपद्रव घटला हे कोणासही नाकारता येणार नाही.

परंतु गुलाबी बोंडअळीची गोष्ट निराळी आहे. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते, बोंडाच्या आत शिरते व सरकी खाते. फरदड ठेवली, पऱ्हाटी उन्हाळ्यापर्यंत बांधावर रचून ठेवली, जिनिंगच्या आवारात किडकी सरकी पडून राहिली, की तिची पिढी तुटत नाही. वर्षानुवर्षे तेच विष खाऊन जी थोडी अळी वाचते तिचीच प्रजा वाढते. २०१० साली गुजरातमध्ये या अळीने पहिल्या जनुकास दाद दिली नाही असे दिसून आले. पुढे दुसरे जनुकही निकामी ठरत गेले. २०१७ साली महाराष्ट्रात तिचा कहर झाला. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. देशाचे सरासरी उत्पादन आता हेक्टरी साडेचारशे किलोंच्या आसपास उतरले आहे.

आता त्या लहान पुडीकडे वळू. ४५० ग्रॅम बीटी बियाण्याच्या पिशवीबरोबर १२० ग्रॅम बिगर बीटी बियाणे देण्यात येत असे. ते शेताच्या कडेने लावावयाचे होते. या झाडांवर विषाचा संपर्क न आलेले साधे पतंग वाढतात. बीटीवर तगून राहिलेल्या विरळ पतंगांशी त्यांचा संयोग झाला, की होणारी प्रजा बहुधा बीटीला बळी पडते. म्हणजे त्या पुडीतील झाडे अळीसाठी राखलेली असली, तरी तीच मुख्य पिकाची राखणदार होती. पुडी उकिरड्यावर गेली आणि पिकाची राखण संपली. अलीकडे हे बियाणे पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत सुरू झाली, ती याच अनुभवामुळे.

हा पराभव अटळ होता असे मात्र नाही. अमेरिकेत याच अळीविरुद्ध बीटी कपाशी, कामगंध सापळे, हंगाम संपताच पिकाचा नाश आणि नपुंसक केलेले पतंग विमानातून सोडणे, अशा सर्व उपायांची एकत्र मोहीम काढण्यात आली. शेतकऱ्यांच्या संघटना तीत सामील झाल्या. ऑक्टोबर २०१८ मध्ये तेथील कापूस क्षेत्रातून ही अळी समूळ नाहीशी झाल्याचे जाहीर करण्यात आले. आपल्या शेतकऱ्याने बस्त्याची यादी निम्मी केली ते हेच वर्ष. जनुक दोन्हीकडे तेच होते. तिकडे शेते मोठी, इकडे दोन-चार एकरांची. तिकडे सरळ वाण, इकडे संकरित. हे भेद आहेतच. पण मुख्य भेद असा की, तिकडे बियाण्यासोबत शिस्तही पेरली गेली.

बियाण्यावर हक्क कोणाचा

कपाशीने दुसराही धडा दिला. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या नांदेड येथील कापूस संशोधन केंद्राचा एनएचएच-४४ हा संकरित वाण मराठवाड्यातील कोरडवाहू शेतकऱ्यांच्या विश्वासाचा होता. बीटीचे युग आले तेव्हा त्या वाणात ते जनुक नव्हते, आणि बीटी रूपात तो बाजारात येईपर्यंत बराच काळ लोटला. तोपर्यंत शेतकरी खाजगी पिशव्यांकडे वळला होता. संकरित बियाणे पुढील वर्षी वापरता येत नसल्याने दर हंगामी नवी पिशवी घेणे त्यास भाग पडले.

आता परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने एनएच १९०१ बीटी, एनएच १९०२ बीटी व एनएच १९०४ बीटी हे कपाशीचे सरळ वाण विकसित केले आहेत. सरळ वाणाचे बियाणे शेतकरी घरी राखून पुन्हा पेरू शकतो, ही त्यांची मोठी महती होय. सार्वजनिक संशोधनाचे मोल यावरून कळते. बदनापूर येथील संशोधन केंद्राचा बीडीएन ७११ हा तुरीचा वाण दीडशे दिवसांच्या सुमारास येतो व पावसाने लवकर पाठ फिरवली तरी पदरात काही टाकतो. त्यात परके जनुक नाही. निवड, संकर व चिकाटी यांचेच ते फळ आहे. जैव संशोधन म्हणजे केवळ जनुक बदलणे, असा समज म्हणूनच चुकीचा आहे.

वनस्पतीच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करण्याची पद्धतही आता आली आहे. परके जनुक न घालता केलेल्या अशा बदलांना २०२२ साली केंद्र शासनाने जुन्या कडक नियमांतून सूट दिली आणि मे २०२५ मध्ये भाताचे असे दोन वाण जाहीर झाले. उद्या तूर, हरभरा, सोयाबीन यांचीही पाळी येईल. त्या वेळी शेतकऱ्याने दोन प्रश्न विचारावेत : या बियाण्याचा मालक कोण, आणि ते राखून पेरण्याची मुभा आहे काय? २००१ सालच्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्यास आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवघेव करण्याचा व कंपनीची छाप न लावता विकण्याचा हक्क दिला आहे. या कायद्याखाली नोंदलेल्या वाणाचे बियाणे सांगितलेल्या गुणांप्रमाणे उतरले नाही, तर भरपाई मागण्याचीही त्यात तरतूद आहे. मात्र त्यासाठी पावती, पिशवी व लेबल जपून ठेविले पाहिजे.

दुसरे दार : मका व इथेनॉल

सिल्लोड, कन्नड, फुलंब्री या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत मक्याचे क्षेत्र वाढले. यामागे जैव अर्थव्यवस्थेचा हात आहे. २०१८ च्या जैवइंधन धोरणानंतर पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा वेग वाढला व २०२५ साली ते प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. एक टन मक्यापासून सुमारे ३८० लिटर इथेनॉल मिळते. २०२३–२४ च्या हंगामात उसाच्या रसाच्या वापरावर बंधन आले, तेव्हा मक्याचा वाटा एकदम वाढला.

येथेही एक बाजू दिसते व दुसरी लपते. इथेनॉल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्य म्हणून स्वस्तात विकला जातो. तो बाजारात आल्याने सोयाबीनच्या पेंडीची मागणी घटते व त्याचा भार सोयाबीनच्या भावावर पडतो. एकाच शेतकऱ्याच्या मक्यास जो कारखाना गिऱ्हाईक झाला, तोच त्याच्या सोयाबीनचा प्रतिस्पर्धी ठरतो. यास्तव सर्व क्षेत्र एकाच पिकाखाली आणणे हितावह नाही. मक्यानंतर हरभरा, सोयाबीनमध्ये तूर, अशी फेरपालट व आंतरपीक पद्धती सोडू नये. मका काढल्यावर दाणे १४ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवावेत. ओल्या दाण्यावर बुरशी धरते, तिचे विष पशुखाद्यात उतरते व मालाचा भाव पडतो.

घरच्या घरी करावयाच्या गोष्टी

जैव संशोधनाचा सर्वांत स्वस्त लाभ मात्र बहुतेकांच्या हाताशी असूनही उपेक्षित राहतो. तो म्हणजे जिवाणू खते व जैविक बुरशीनाशके. याविषयी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१. सोयाबीन, तूर, हरभरा यांच्या १० किलो बियाण्यास त्या त्या पिकाचे २५० ग्रॅम रायझोबियम गुळाच्या थंड द्रावणातून चोळावे व बियाणे सावलीत वाळवून लगेच पेरावे. रासायनिक औषध लावावयाचे असल्यास ते आधी लावावे. जिवाणू खत शेवटी.

२. आले व हळद यांच्या कंदकुजीसाठी ट्रायकोडर्मा, तसेच परभणी विद्यापीठाचे बायोमिक्स, विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे वापरावे. रोग बळावल्यावर नव्हे, तर लागवडीपासूनच त्याचा आरंभ करावा.

३. जैविक औषधांत जिवंत जंतू असतात. उन्हात ठेवलेले किंवा मुदत संपलेले पाकीट घेणे म्हणजे माती विकत घेणे होय. मुदत पाहावी व पावती घ्यावी.

४. कपाशीची मान्सूनपूर्व लागवड टाळावी. फुले लागण्याच्या सुमारास कामगंध सापळे लावावेत. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट कराव्यात. डिसेंबरअखेर पीक संपवावे व फरदड ठेवू नये.

५. मान्यता नसलेले, विनापावती मिळणारे तणनाशक-सहनशील कपाशीचे बियाणे घेऊ नये. ते बेकायदेशीर आहेच; शिवाय फसवणूक झाल्यास दादही मागता येत नाही.

यांपैकी चौथी गोष्ट एकट्याने करून भागत नाही. शेजारच्या शेतात फरदड उभी असेल, तर आपली स्वच्छता वाया जाते. पतंगास बांध कळत नाही. म्हणून गावाने ग्रामसभेत ठराव करून एकाच वेळी पऱ्हाटी काढावी.

शासनाचे कर्तव्य

शेतकऱ्यास शिस्त सांगताना शासनाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. नवे तंत्र देताना त्याच्या मर्यादा त्याच दिवशी, सोप्या मराठीत सांगितल्या पाहिजेत. जिवाणू खतांची तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा तालुक्यांच्या जवळ हव्यात. परभणी, बदनापूर, नांदेड येथील केंद्रांत रिक्त जागा राहू देणे म्हणजे पुढील दशकाचे वाण आजच गमावणे होय. लातूरच्या कृषी जैवतंत्रज्ञान महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या तरुणांस कारखान्यांप्रमाणेच गावांतूनही काम मिळाले पाहिजे. आणि या धोरणाचे यश मोजताना ३०० अब्ज डॉलरच्या जोडीस आणखी एक माप असावे : कोरडवाहू शेतकऱ्याच्या एकरी खर्चात किती घट झाली आणि त्याच्या हाती किती राहिले.

गेल्या लग्नसराईत ते फुलंब्रीचे काका पुन्हा गुलमंडीत भेटले. या वेळी धाकट्या मुलाच्या लग्नाचा बस्ता होता. कपाशी त्यांनी निम्म्यावर आणली आहे, डिसेंबरात ती काढून टाकतात, उरलेल्या रानात मका व तूर घेतात. त्यांच्या मुलाने नव्या धोरणाविषयी कोठेतरी वाचले होते व त्याने बरेच प्रश्न विचारले. काका मात्र सारे ऐकून इतकेच म्हणाले, "साहेब, नवे काय येणार ते येऊ द्या. पण त्याच्यातली लहान पुडी कोणती, ते या वेळी आधी सांगा."

प्रत्येक नव्या तंत्राबरोबर अशी एक लहान पुडी असते. ती कोणती हे पेरणीपूर्वी सांगणे हे आम्हा विस्तार सेवकांचे काम, आणि ती फेकून न देता कडेने लावणे हे शेतकरी बंधुभगिनींचे काम. दोघांनी आपापला वाटा उचलला, तर प्रयोगशाळेतील ज्ञानाचे पीक गुलमंडीच्या दुकानापर्यंत सुखरूप पोहोचेल आणि बस्त्याची यादी पायरीवर बसून निम्मी करण्याची वेळ कोणावर येणार नाही. येत्या खरिपापूर्वी आपल्या गावचे सहायक कृषी अधिकारी व जवळचे कृषी विज्ञान केंद्र यांच्याशी संपर्क साधून याचा आरंभ करावा.